तिसरा रोबोट कुठे उभा होता, तेही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धेची बातमी आली, फोटोसकट आली, बघून खरंच बरं वाटलं, कारण महिनोन्‌महिने रात्री जागून काम करणाऱ्या या पोरांची दखल एरवी कोण घेतं. पण बातमी वाचून झाल्यावर एक गोष्ट मनाला लागून राहिली म्हणून लिहायला बसले. जिंकलेल्या अलायन्समधे, म्हणजे एका बाजूने खेळणाऱ्या टीमच्या गटात, तीन रोबोट होते, त्यातल्या दोघांचं भरपूर कौतुक आहे, कोणी किती पॉइंट केले ते आहे, आणि तिसऱ्या टीमबद्दल एकच ओळ आहे की त्यांच्या रोबोटला फायनलमधे एकही पॉइंट करता आला नाही. ती तिसरी टीम आमची. मी तिथे मेंटॉर आहे, स्ट्रॅटेजी आणि स्काउटिंग, म्हणजे बाकीचे रोबोट बघून त्यांची टिपणं काढणं, हे बघते. बातमी आमच्या ड्रायव्हर मुलीने वाचली आणि मला विचारलं, "ताई, म्हणजे आपण काहीच केलं नाही का?"

तिने काय केलं ते सांगते. समोरच्या अलायन्सचा सगळ्यात भारी शूटर दोन दिवस कोणालाच आवरत नव्हता, तो पलीकडून माल, म्हणजे गोलमधे टाकायच्या वस्तू, उचलायचा, मैदान ओलांडून यायचा, ठरलेल्या एकाच जागेवर थांबायचा आणि मारायचा. फायनलमधे आमची मुलगी त्या जागेच्या दोन हात अलीकडे जाऊन उभी राहिली. त्याच्या मागे धावली नाही, फक्त त्याच्या आणि त्याच्या जागेच्या मधे राहिली, तो डावीकडे वळला की हीही थोडी डावीकडे. प्रत्येक वेळी त्याचे चार पाच सेकंद गेले आणि मॅच संपेपर्यंत त्याच्या फेऱ्या बऱ्याच कमी झाल्या. स्कोअरबोर्डवर याचा एकही आकडा नाही, म्हणून बातमीतही नाही, हे मला समजतं, वार्ताहराचा यात दोष नाही, मॅच बघायची कशी हे त्याला कोणी सांगितलंच नसेल. म्हणून हे पत्र जरा लांबलंय.

आम्ही खेळतो ती फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, १९९२ मधे सुरू झाली. लाल आणि निळी अशा दोन बाजू, प्रत्येक बाजूला तीन वेगवेगळ्या टीमचे तीन रोबोट, एकेक रोबोट ५० किलोच्या वर, आणि मैदान साधारण साडेसोळा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. गेम दरवर्षी बदलतो पण मॅचचा साचा बरीच वर्षं एकच राहिला, पहिले १५ सेकंद रोबोट स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालायचा आणि मग २ मिनिटं १५ सेकंद ड्रायव्हर चालवायचे. सहा जड यंत्रं एवढ्याशा जागेत एकाच वेळी पळतायत, मधे गेमचे खांब आणि सांगाडे, आणि ड्रायव्हर आपल्या टोकाच्या काचेमागे उभे, तिथून पलीकडच्या टोकाचं अर्धं दिसतच नाही. अशा ठिकाणी कोण कुठे उभं राहतं यावर रोबोटच्या मोटरीइतकंच अवलंबून असतं, मी तर म्हणेन जास्तच.

साधा हिशोब बघा. त्या साच्यात ड्रायव्हरच्या हातात १३५ सेकंद. माल उचलून, टाकून, परत उचलायच्या जागी यायला १५ सेकंद लागत असतील तर नऊ फेऱ्या होतात. तीच फेरी १२ सेकंदांत झाली तर अकरा होतात. हे तीन सेकंद वाचवायला टीम नवीन मोटर लावतात, गिअर बदलतात, रात्र रात्र कोड लिहितात. आणि मग मॅचमधे आपल्याच पार्टनरशी वाटेत टक्कर होते, दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि त्या एका धडकेत पाच सेकंद जातात. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मॅच आधी रांगेत उभं असताना आमचं पहिलं बोलणं हेच असतं, जाताना कोणती बाजू, येताना कोणती. डावीकडून जायचं आणि उजवीकडून यायचं, तिघांनी पाळायचं, वन वे रस्त्यासारखं. याला एक पैसा लागत नाही आणि एक स्क्रूसुद्धा फिरवावा लागत नाही.

सुरुवातीच्या त्या काही सेकंदांत तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तेव्हा ड्रायव्हरला हात लावताच येत नाही, जे ठरवून ठेवलं तेच होणार. आमच्या पहिल्या वर्षी आमच्याकडे एकच ऑटो, म्हणजे त्या सुरुवातीच्या सेकंदांचा प्रोग्रॅम, होता, मधून सुरू होणारा, आणि त्यावर आमचा फार जीव होता. एका मॅचला पार्टनरचाही मधूनच होता. आम्ही विचारलं नाही, त्यांनीही नाही. दोघं शेजारी शेजारी लावले, दोघं एकाच वस्तूकडे गेले, अडकले, आणि बझर वाजेपर्यंत तसेच एकमेकांना ढकलत बसले. चूक पूर्ण आमची, कारण आम्हाला बोलायला वेळ होता. त्यानंतर आमची पोरं डावीकडचा, मधला आणि उजवीकडचा असे तीन ऑटो बनवतात, शिवाय एक असा की नुसती रेघ ओलांडून बाजूला उभं राहायचं, आणि प्रत्येकात सुरुवातीला थांबायचे सेकंद टाकायची सोय, म्हणजे पार्टनर आधी जाऊ दे आणि मग आपण. नवीन टीमना मी हेच सांगते की एका भारी ऑटोपेक्षा तीन साधे करा, पार्टनर तुमच्यावर खूष राहील. २०१८ च्या गेममधे तर मॅच सुरू होताना कळायचं की मैदानावरच्या तराजूची कोणती बाजू आपली, प्रत्येक वेळी वेगळी, त्यामुळे दोन्ही बाजूंची तयारी नसली की ऑटोमधला स्कोअर नशिबावर.

आता तिसऱ्या रोबोटकडे येते, कारण खरा मुद्दा तो आहे.

२०१४ चा गेम ज्यांनी बघितला त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. एका बाजूला खेळायला एका वेळी एकच मोठा बॉल, आणि मैदानाचे तीन पट्टे. एकट्याने बॉल नेऊन वरच्या गोलमधे टाकला तर १० पॉइंट. पण तोच बॉल वेगवेगळ्या पट्ट्यांत दोन रोबोटच्या हातातून गेला तर वर १० बोनस, आणि तिन्ही रोबोटच्या हातातून गेला तर ३० बोनस. मधल्या आडव्या ट्रसवरून टाकला तर आणखी १०. म्हणजे ज्या रोबोटला बॉल फेकता येत नाही, उचलता येत नाही, नुसता अंगाशी धरून दोन फूट पुढे सोडता येतो, तो फक्त योग्य पट्ट्यात वेळेवर उभा राहिला की अलायन्सला २० पॉइंट जास्त मिळतात, दोघांचा १० चा बोनस तिघांचा ३० होतो. तीन हातांतून फिरवून खालच्या एक पॉइंटच्या गोलमधे टाकला तरी ३१, एकट्याच्या वरच्या गोलच्या तिप्पट! त्या वर्षी एकटे हुशार रोबोट घेऊन आलेल्या टीम रडकुंडीला आल्या आणि ज्यांनी जागा वाटून घेतल्या, एक बॉल घेणारा, एक मधला, एक टाकणारा, त्यांचं गाडं सुरळीत चाललं. मला आजही तो सगळ्यात चांगला गेम वाटतो, कारण तिघांपैकी कोणालाही बाजूला बसवून चालत नव्हतं.

२०२४ मधे हेच जरा वेगळ्या रूपात आलं. फोमच्या नारिंगी रिंगा होत्या, त्या उंच स्पीकरमधे मारायच्या, ड्रायव्हरच्या वेळेत एका रिंगेला २ पॉइंट. बाजूला अँप नावाची छोटी खाच, तिथे रिंग टाकली तर फक्त १. आता कोणीही म्हणेल की अँपकडे कशाला जायचं. पण अँपमधे दोन रिंगा गेल्या की टीमच्या माणसाने बटण दाबायचं आणि पुढचे १० सेकंद स्पीकरची प्रत्येक रिंग ५ पॉइंटची, अशा चार रिंगांपर्यंत. म्हणजे चार रिंगांचे ८ होणार होते त्याचे २० झाले. हे १२ जास्तीचे पॉइंट कोणाचे? कागदावर ते शूटरच्या नावावर जातात, खरं तर ते अँपपाशी इमाने इतबारे उभ्या असलेल्या रोबोटचे आहेत ज्याच्या नावावर फक्त २ दिसतात. आणि नुसतं टाकूनही भागत नाही, वेळ साधावी लागते. शूटरच्या पोटात रिंग नसताना बटण दाबलं तर ते १० सेकंद वाया. त्यामुळे दोघांपैकी एक तयार उभा, दुसरा वाटेत, तिसऱ्याने दुसरी रिंग टाकायची आणि मग कोचने ओरडायचं "दाब". हा ताळमेळ एका मॅचमधे जमत नाही, तो बोलून बोलून जमतो.

त्याच वर्षी अजून एक गोष्ट झाली जी बघताना अंगावर काटा यायचा. रिंगा मिळायची जागा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे प्रत्येक फेरीत पूर्ण मैदान ओलांडा, मधला मोठा सांगाडा चुकवा (ठेंगणे रोबोट त्याच्या खालून जायचे, उंचांना वळसा), वर समोरच्याचा डिफेन्स. मग सीझनमधे कितीतरी टीमनी काय केलं, एक रोबोट पलीकडेच ठेवला, तो रिंग उचलायचा आणि नुसती आपल्या बाजूला भिरकावून द्यायचा. गोलमधे नाही, मोकळ्या जमिनीवर. दुसरा स्पीकरजवळच घुटमळत राहायचा, पडलेल्या रिंगा गोळा करायचा आणि मारायचा. एकाचाही लांबचा प्रवास नाही. फेकणाऱ्याच्या नावावर पॉइंट शून्य, पण मारणाऱ्याची फेरी कितीतरी छोटी झाली. आणि डिफेन्स करणाऱ्यालाही प्रश्न, अडवायचं कोणाला?

डिफेन्सवरही थोडं लिहिते, कारण काही पालकांना वाटतं की डिफेन्स म्हणजे दांडगाई, दुसऱ्याच्या पोरांची मेहनत वाया घालवणं. मला पूर्वी थोडं तसंच वाटायचं. पण नियम कडक आहेत. काही सेकंदांच्या वर कोणाला दाबून धरलं की फाउल, ठरावीक संरक्षित जागांमधे नुसता धक्का लागला तरी समोरच्याला पॉइंट. त्यामुळे आंधळेपणाने धडका मारणारा डिफेन्स स्वतःच्याच अलायन्सला बुडवतो. चांगला डिफेन्स शांत असतो. आताचे बरेच रोबोट कुठल्याही दिशेला सरकतात, चाकं स्वतःभोवती फिरतात, त्यांच्या मागे पळून काही उपयोग नाही, ते निसटणारच. वाट जिथे अरुंद होते तिथे आधी जाऊन उभं राहायचं. समोरच्याच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या बंपरवर आपलं तोंड आलं तर त्याला हलणं अवघड जातं, आणि आपल्यावर तीच वेळ आली तर कोपरा पुढे करून गोल फिरत सुटायचं. ढकलाढकली लांबवायची नाही, कारण जोरात ढकलताना मोटरी इतका करंट ओढतात की १२ व्होल्टच्या बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो आणि रोबोट स्वतःला वाचवायला मोटरी बंद करतो, मग शेवटच्या अर्ध्या मिनिटात, बऱ्याच गेममधे असते तशी, सांगाड्यावर चढायची वेळ येते तेव्हा अंगात जीव नसतो. आमच्या मुलीला हे सगळं पाठ आहे, तिने तीन ब्रेक मोजून घेतले फायनलमधे, समोरचा रिकामा परत जात असेल तेव्हा ही थांबायची. रिकाम्या रोबोटला अडवून काय मिळणार?

आणि डिफेन्स कधी करायचा नाही हेही तेवढंच महत्त्वाचं. आपला रोबोट मॅचमधे २० पॉइंट करू शकतो आणि डिफेन्सने समोरच्याचे १५ च कमी होणार असतील, वर एखादा फाउल, तर गप आपलं काम करावं. पण हा हिशोब घालायला आकडे हवेत, आणि ते आणतात गॅलरीत बसलेली सहा पोरं. प्रत्येक मॅचला सहा रोबोट, म्हणून सहा स्काउट, एकाने एकाच रोबोटकडे बघायचं, बाकी कितीही भारी काही चाललं तरी मान वळवायची नाही. पूर्वी आम्ही फक्त किती टाकले एवढंच लिहायचो. आता कुठून टाकले, कोणत्या वाटेने गेला, कोणी अडवल्यावर काय झालं, पार्टनरला जागा दिली का, हेही लिहितो. शेवटचा रकाना माझा सगळ्यात आवडता आहे.

कारण त्याचा उपयोग अलायन्स निवडताना होतो. वरच्या क्रमांकाचे आठ कॅप्टन पहिल्या फेरीत एक ते आठ अशा क्रमाने पार्टनर निवडतात, दुसऱ्या फेरीत उलटं, आठ ते एक. म्हणजे पहिल्या नंबरच्या टीमला सगळ्यात आधी निवडायला मिळतं आणि मग थेट सगळ्यात शेवटी, चोविसावा रोबोट. हा चोविसावा रोबोट निवडताना जो फक्त पॉइंटची यादी बघतो तो फसतो. पहिले दोघं एकाच जागेवरून मारणारे असतील आणि तिसराही तिथूनच मारणारा घेतला तर तिघं एकाच दारात. तिथे हवा असतो तो जागा सोडणारा, डिफेन्स समजणारा, सांगितलेलं ऐकणारा, बॅटरी तब्येतीत ठेवणारा. आम्ही यंदा तेच चोविसावे होतो. कॅप्टन टीमची मुलगी आमच्या पिटमधे, म्हणजे रोबोट दुरुस्त करायच्या जागी, येऊन म्हणाली, "तुमची ड्रायव्हर रिकाम्या रोबोटच्या मागे जात नाही, आम्ही लिहून ठेवलंय." आमच्या मुलीचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता तुम्ही.

एक गोष्ट बाहेरच्यांना फार कमी माहीत असते. क्वालिफिकेशनच्या, म्हणजे अलायन्स निवडायच्या आधीच्या, मॅचमधे पार्टनर लॉटरीने ठरतात, आत्ता जो आपल्या बाजूला आहे तो तासाभराने समोर असतो. त्यामुळे दर मॅचला अनोळखी पोरांशी पाच मिनिटांत जमवून घ्यावं लागतं. आमचा रोबोट काय करतो हे खरं खरं सांगावं लागतं, काल हात तुटला होता तर तुटला होता म्हणावं लागतं, फुगवून सांगितलं की प्लॅन मैदानावर कोसळतो. आणि मॅच सुरू झाली की तीन कोचपैकी बोलायचं एकाने, बाकी दोघांनी आपापल्या ड्रायव्हरला तेवढंच पोचवायचं. तिघं एकदम ओरडले की ड्रायव्हरला काहीच ऐकू येत नाही. आमच्या शाळकरी कोचने आपले शब्द ठरवलेत, "मागे", "सोड", "चढ", एवढेच, वाक्यं नाहीत. वुडी फ्लॉवर्स म्हणून एमआयटीचे प्रोफेसर होते, २०१९ मधे गेले, त्यांच्यामुळे या स्पर्धेत ग्रेशस प्रोफेशनलिझम हा शब्द रुजला, म्हणजे जीव तोडून खेळा पण समोरच्याचा मान ठेवून. मला वाटतं त्याचा सगळ्यात मोठा भाग मॅच आधीच्या त्या पाच मिनिटांत दिसतो.

बाकी स्पर्धांमधेही वेगळं नाही. व्हेक्स आणि फर्स्ट टेक चॅलेंजमधे दोन दोन रोबोटच्या जोड्या आणि मैदान १२ फूट बाय १२ फूट, तिथे तर जागा आणखी कमी. रोबोकप ज्युनिअरच्या फुटबॉलमधे ड्रायव्हरच नसतो, दोन्ही रोबोट स्वतःच्या डोक्याने खेळतात, आणि नवीन टीमचे दोघंही बॉल दिसला की त्याच्यावर तुटून पडतात, गोल उघडा. मग पोरं शिकतात की बॉलच्या जवळ असेल त्याने जायचं, दुसऱ्याने मागे फिरायचं, आणि हे दोघांनी एकमेकांना सांगायचं. हा "तू जा, मी थांबतो" एवढा निरोप कोडमधे लिहायला केवढे कष्ट पडतात ते लिहिणाऱ्यालाच माहीत.

शाळांच्या मेंटॉरांनाही माझी विनंती आहे की रोबोट शेवटच्या दिवसापर्यंत बनवत बसू नका, त्यातला निदान एक आठवडा चालवायला ठेवा, आणि एकटा नाही, मधे खुर्च्या ठेवून, शेजारच्या टीमचा जुना रोबोट आणून, जमिनीवर टेप लावून. २०२३ मधे शेवटी तिन्ही रोबोटना एका डुगडुगत्या पाटावर चढायचं होतं, पाट सरळ राहिला तर प्रत्येकी १०, कललेला राहिला तर ६. बऱ्याच टीमना स्पर्धेत गेल्यावर कळलं की आपण एकटे छान चढतो पण तिसऱ्याला जागाच उरत नाही, कारण आपण मधोमध थांबायची सवय लावून घेतलेली. ज्यांनी सरावात टोकाला जाऊन थांबायची सवय केली त्यांचे ३० झाले. पहिला चढणारा जितका पुढे सरकतो तितकी मागच्याला जागा, बस एवढंच, पण सरावाशिवाय आयत्या वेळी ते कोणालाच सुचत नाही.

संपादक साहेब, तुमच्याकडे जागा कमी असते हे मला माहीत आहे. पण पुढच्या बातमीत कोणी किती पॉइंट केले याच्या शेजारी दोन ओळी द्या की तिसरा रोबोट कुठे होता आणि का होता. वार्ताहराला हे एकट्याने कळणार नाही, त्याला आमच्याकडे पाठवा. स्काउटिंगच्या बाकावर सहा जणांच्या शेजारी सातवी खुर्ची ठेवते, त्याला एक कागद आणि एक रोबोट नेमून देते, मॅचभर फक्त त्याच्याकडे बघायचं, आणि शेवटचा रकानाही भरायचा, पार्टनरला जागा दिली का.

आपली वाचक,
एका विद्यार्थी रोबोटिक्स टीमची मेंटॉर